बापाला ‘बाप’ म्हणून हाक कोण मारतं?

परभणी असो की लातूर, कवितेच्या कार्यक्रमानंतर प्रश्न ठरलेला: बापावरच्या सगळ्या कविता सारख्याच का वाटतात? ‘कष्टच सारखे, कविता कशा वेगळ्या होतील’ असं म्हणून मी वेळ मारून नेत आलो. ते उत्तर खोटं होतं. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून नीट सांगतो.

घरात ‘बाप’ अशी हाक कुणी मारत नाही. दादा, अण्णा, नाना, बा. ‘माझा बाप’ हे आपण तिसऱ्याला सांगताना म्हणतो. म्हणजे कविता त्याच्या माघारी चाललेली असते, आणि माघारी बोलताना भेगा, घाम, फाटकं धोतर एवढंच हाताशी येतं. लिहिणारा चाळिशीचा, पगारदार. कवितेतला बाप अजून औत धरूनच उभा. मग नातं बदललेलं दिसणार कुठं?

आपल्या गंगाखेडची जनाबाई बघा. ‘ये गं ये गं विठाबाई, माझे पंढरीचे आई.’ त्या ‘गं’मध्ये जाणत्या लेकीचा हक्क आहे.

म्हणून ‘माझा बाप’ खोडा, घरातली हाक घाला, क्रियापदं ‘तुम्ही’ची करा. तोंडावर म्हणवत नाहीत त्या ओळी काढा. विसातल्या पाच उरल्या तरी चालतील.

एक प्रसंग घ्या. पेरणीच्या तोंडावर पीककर्ज नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं मिटवून नवं उचलायला, बापलेक बँकेत आलेत. लेक रात्रीच्या गाडीनं पुण्याहून आलेला. फॉर्म त्यानंच भरला. म्हाताऱ्याचा अंगठा कागदावर उठत नाही, राबून रेषा झिजल्यात. लेक तो डावा अंगठा धरतो, शाईच्या पॅडवर फिरवतो, कागदावर दाबतो. पुसटच. पुन्हा. शाई धोतराला पुसत म्हातारा म्हणतो, ‘तुम्हीच बघा आता.’ लेकाला पहिल्यांदा ‘तुम्ही’.

इथं हमखास ‘ज्या बोटाला धरून चाललो’ ही ओळ येते आणि कविता मरते. लेकाला त्या घडीला बोटबीट आठवत नसतं. मागची रांग बघतेय, त्याची लाज वाटत असते. ती लाज लिहा. अवघड आहे, ठाऊक आहे मला.

पूर्वी मी ‘तो’, ‘ती’ करून लिहिलेली कविता सरसकट बाजूला ठेवायचो. पण फ. मुं. शिंदे यांची ‘आई’? ‘आता नसली कुठंच तरी नाही म्हणवत नाही.’ तिथं हाक ऐकायला माणूसच उरलेलं नाही. मग माझा नियम जित्या आईबापांपुरता म्हणायचा का? आणि ज्या घरात बापलेकांचं बोलणंच कधी झालं नाही, तिथल्या पोरानं ‘तुम्ही’ आणायचं कुठून? त्याला हा नियम सांगताना माझी जीभ अडते.