ब्रेक शाबूत होते

हिवाळ्यात ग्रुप राईड असली की मेकॅनिकचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. लोक साडेपाचला निघणार असले तरी प्रत्येक सायकलीची हवा पुन्हा तपासावी लागते. आदल्या दुपारी ३० अंशांत ९० पीएसआय दाबानं भरलेली हवा पहाटे ८ अंशांत ८२च्या आसपास आलेली असते. पंक्चर नसतं, व्हॉल्व्हही गळत नसतो. थंडीनं आतली हवा आकसलेली असते, एवढंच. काही जण घाबरून ट्यूब बदलायला सांगतात. मी गेज लावून दाखवतो, हवा भरतो आणि पुढची सायकल घेतो.

नाशिकला माझं रोड बाईक दुरुस्तीचं दुकान आहे. जानेवारीत एका ग्रुपनं आठवडाभर रोज वेगळ्या रस्त्यानं राईड ठेवली होती आणि सपोर्ट गाडीचं काम माझ्याकडे होतं. गाडीत जादा चाकं, ट्यूबा, ब्रेक पॅड, केबल, चेनच्या लिंक, मोठा पंप, पाण्याचे जार, केळी, चिक्की, खजूर आणि सगळ्यांच्या बॅगा. मंडळी निम्मी नाशिकची, निम्मी मुंबई-ठाण्याची, पंचविशीपासून पासष्टीपर्यंतची. बहुतेकांच्या नावावर बीआरएम होत्या, म्हणजे साडेतेरा तासांच्या आत २०० किलोमीटर पुरे करणारी माणसं. नाशिकला हे वेड नवं नाही. इथल्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांच्या संघात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून तर माझ्या दुकानातल्या रोड बाईक डोळ्यांत भरण्याइतक्या वाढल्या.

पहिल्या दिवशी त्र्यंबकेश्वरला जाऊन आलो. अंजनेरीच्या अलीकडे एकाची चेन तुटली, ती पाच मिनिटांत जोडली. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी निफाडच्या बाजूनं नांदूरमध्यमेश्वरला निघालो तेव्हा खरी थंडी भेटली. निफाडजवळच्या कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे. तिथलं किमान तापमान हिवाळाभर पेपरात छापून येतं आणि कधीकधी ते ५ अंशांच्याही खाली असतं. गोदावरीच्या काठानं धुकं इतकं दाट, की पुढच्या सायकलचा लाल दिवाच तेवढा दिसायचा. त्यातून बाजार समितीकडे निघालेले लाल कांद्याचे ट्रॅक्टर. एकेकाच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या आणि ट्रॉलीला मागे दिवा नाही. पुढचा ओरडायचा, “ट्रॅक्टर!” आणि ती हाक एकेकाच्या तोंडून मागे शेवटपर्यंत यायची. खड्ड्याची, स्पीड ब्रेकरचीही तशीच. त्या हाकांमुळेच त्या धुक्यात कुणी पडलं नाही, असं माझं पक्कं मत आहे.

रस्त्याकडेच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या होत्या. ओळींच्या मधून धूर सरकत होता. एका बागेपाशी गाडी थांबवली, तर कान बांधलेले एक बाबा ठिबकचा कॉक सोडत होते. म्हणाले, “मण्यात पाणी उतरलंय. आता गारठा बसला की मणी तडकतो. रातभर जागलो, पण खरं भ्या असतंय दिवस उगवायच्या टायमाला.” विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं म्हणून ते पहाटे बागेला सोडतात. सायकलवाल्यांकडे बघून त्यांनी विचारलं, “ही पोरं उघड्या हातानं कशी काय चालवत्यात?” पुढे नांदूरमध्यमेश्वरला पक्षी भरपूर होते. २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेली ती जागा. पण हातमोज्यांतून दुर्बीण कुणाला धरता येईना.

आठवड्याच्या मध्यावर सप्तशृंगीचा गड होता. आदल्या रात्री मुक्काम वणीलाच केला, म्हणजे सूर्य उगवताना माथ्यावर पोहोचता येईल. वणीहून नांदुरी आणि नांदुरीपासून सुमारे १० किलोमीटरचा घाट. ग्रुपचा नियम असा, की माथ्यावर सगळे जमल्याशिवाय कुणीही उतरायला सुरुवात करायची नाही. घाटात एसटी आणि भाविकांच्या गाड्यांची वर्दळ असते, वळणं आंधळी आहेत, एकटादुकटा मागेपुढे राहू नये, हा त्यामागचा विचार. सपोर्ट गाडीही ठरल्याप्रमाणे शेवटच्या सायकलमागे.

त्या दिवशी शेवटी होते एक निवृत्त शिक्षक. दम खात, पण एकदाही पाय न टेकता ते चढले. मी त्यांच्या मागे पहिल्या गिअरमध्ये. त्यांना घेऊन माथ्यावर पोहोचलो तेव्हा पुढच्या मुलांना तिथं येऊन पाऊण तास होत आला होता. ८ अंश तापमान आणि कड्यावरून सुटलेला वारा. सगळे प्रसादाच्या एका बंद दुकानाच्या आडोशाला दाटीनं उभे होते. विंडचीटर, कोरडे टी-शर्ट, सगळं माझ्या गाडीतल्या बॅगांत. गाडी थांबताच डिकीवर झुंबड उडाली. फोटो झाला, टाळ्या झाल्या आणि चार-चारच्या गटांनी उतरायला सुरुवात झाली.

घाटातल्या एका वळणावर ठाण्याचा एक मुलगा कठड्याला सायकल टेकवून उभा दिसला. अठ्ठाविशीचा, अंगावर चरबी म्हणून नाही. अख्ख्या ग्रुपमध्ये चढाला सगळ्यात तेज तोच, त्या दिवशीही माथ्यावर पहिला तोच पोहोचला होता.

“भाऊ, ब्रेक लागत नाहीयेत,” तो म्हणाला. “केबल सैल झालीय बहुतेक.”

घाटात ब्रेकची तक्रार म्हटल्यावर मी गाडीतून उडीच मारली. पुढचं चाक उचलून जोरात फिरवलं, लिव्हर दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. केबल ताठ, पॅडला भरपूर रबर, रिम कोरडी. मागचंही तसंच. त्याला म्हटलं, “दादा, ब्रेक शाबूत आहेत.”

“नाही हो, मी दा... दाबतोय, पण लागत नाही.”

जीभ जड झाल्यासारखं बोलत होता. म्हटलं, “दाबून दाखवा बरं.” त्यानं दोन्ही हात हँडलच्या खालच्या वाकावर ठेवले. बोटं लिव्हरपर्यंत पोहोचली आणि तिथंच राहिली. वाकेचनात. नखं जांभळी, हनुवटी थडथडत होती. हेल्मेटचं बक्कल काढायला सांगितलं, तर हनुवटीखाली नुसताच चाचपडत राहिला.

ग्रुपमध्ये एक डॉक्टर मॅडम होत्या, भूलतज्ज्ञ. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना एक गोष्ट सांगून ठेवली होती: थंडीत कुणी अडखळायला लागलं, तर त्याला अंगठा त्याच हाताच्या करंगळीला लावायला सांगा, जमलं नाही तर त्याला पुढे सायकल चालवू देऊ नका. मी तेच करायला सांगितलं. त्याचा अंगठा तळहाताच्या मध्यापर्यंत गेला आणि थांबला.

सायकल कॅरिअरवर चढवली, मुलाला गाडीत घेतलं. विंडचीटरच्या आत जर्सी घामानं ओलीचिंब होती. माथ्यावर त्यानं ओल्या जर्सीवरच विंडचीटर चढवलं होतं. ती जर्सी अंगाला अशी चिकटली होती, की ड्रायव्हरनं आणि मी दोन बाजूंनी ओढून काढली. टॉवेलनं अंग टिपलं. ड्रायव्हरचा स्वेटर, माझी कानटोपी, सीटवर टाकलेली गोधडी, सगळं त्याच्याभोवती गुंडाळलं आणि हीटर लावला. मॅडम एव्हाना नांदुरीला उतरल्या होत्या. सुदैवानं फोन लागला. त्यांनी पहिलं विचारलं, “कुडकुडतोय का?” म्हटलं, “दात वाजतायत.” “चांगलं आहे. हातपाय चोळू नका. छाती-पोट गरम ठेवा आणि त्याच्याशी बोलत राहा. झोपू देऊ नका.”

बोलत राहायचं म्हणजे काय बोलायचं? मी त्याला सायकलबद्दल विचारत गेलो. मागच्या कॅसेटला, म्हणजे चाकावरच्या गिअरच्या चकत्यांना, दात किती, शेवटची सर्व्हिस कधी केली, ठाण्यात सराव कुठल्या रस्त्यावर करतोस. उत्तरं उशिरा येत होती, पण येत होती. घाट संपेस्तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

नांदुरीच्या टपरीवर मॅडमनी त्याची नाडी बघितली, डोळ्यांत बघितलं, नाव-गाव-वार विचारला. स्वतःच्या हातानं पेला धरता यायला लागल्यावरच चहा द्यायला परवानगी दिली. टपरीवाल्या मावशींनी साखर दुप्पट घातली. “कुडकुडणं थांबलं असतं आणि हा गप्प झाला असता, तर मी एक मिनिट इथं थांबले नसते, सरळ हॉस्पिटल गाठलं असतं,” मॅडम म्हणाल्या. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात आणि सुरुवातीला तो दिसतो तो असाच, बोटांच्या आणि जिभेच्या अडखळण्यात. तासाभरानं त्याचा अंगठा करंगळीला लागला. तिथं बसलेल्या सगळ्यांनी तो लागताना बघितला.

तो मात्र एकच घोकत होता, “पण मी तर पहिला पोहोचलो होतो.”

गारठला तो त्यामुळेच. चढाला इंजिन पेटलेलं असतं, अंगातून घाम निथळतो. माथ्यावर पाय थांबले की आतली उष्णता तयार होणं कमी होतं आणि ओला कपडा अंगातली उष्णता खेचत राहतो. जो जितका तेज, तो तितका जास्त वेळ वाऱ्यात उभा. मग उतार. उतारावर पायांना काम नाही आणि ताशी ४० किलोमीटर वेगानं येणारा वारा ८ अंशांची हवा अंगाला ३ अंशांसारखी लावतो. त्यात अर्ध्या बोटांचे हातमोजे. शिक्षक काका शेवटी आले, गाडीतून लगेच कोरडा सदरा मिळाला, पाच मिनिटांत उतरायला लागले. त्यांना काहीही झालं नाही. सावकाश चढणाऱ्यांची काळजी घ्यायची आम्हा सगळ्यांना सवय आहे. तेज मुलांकडे बघायचं असतं हे कुणाच्या नियमात नव्हतं.

रात्री जेवताना राईड लीडरनी इटलीतल्या १९८८च्या जिरो द’इतालिया सायकल शर्यतीची गोष्ट काढली. ५ जूनला गाव्हिया खिंडीत बर्फ पडत होता. २६०० मीटरहून उंच असलेल्या त्या माथ्यावर सगळ्यांच्या आधी पोहोचला नेदरलँड्सचा योहान व्हान डर व्हेल्डे, आखूड बाह्यांच्या जर्सीत. उतारावर तो गारठून गेला आणि शेवटी पाऊण तासाहूनही जास्त मागे पडला. अमेरिकेच्या अँडी हॅम्पस्टनच्या संघानं मात्र गरम कपड्यांची सोय आधीच करून ठेवली होती, ते त्याला चढावरच मिळाले. त्या दिवशी आघाडीची गुलाबी जर्सी त्याच्याकडे आली आणि पुढे ती शर्यतही त्यानंच जिंकली. हे ऐकताना ठाण्याचा मुलगा पहिल्यांदा मोकळेपणानं हसला.

त्याच जेवणावर नियम बदलला. माथ्यावर थांबणं बंद. वर पोहोचलं की कोरडा कपडा घालायचा, चार जण झाले की उतरायचं आणि सगळ्यांनी जमायचं ते खाली, चहाच्या टपरीवर. बरोबर एक पातळ कोरडा बनियन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जर्सीच्या मागच्या खिशात, प्रत्येकानं. काही जणांचा विरोध होता, त्यांना माथ्यावरचा फोटो हवा होता. मॅडमनी त्यांना फक्त एवढंच विचारलं, की सकाळी त्या वळणावर पुढे जाऊन ब्रेक लागलाच नसता तर?

माझ्या हातात जे होतं ते मी त्या रात्री केलं. ब्रेकच्या लिव्हरला एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. बोटं आखडली तरी पकड पोहोचते. लहान हातांच्या लोकांसाठी तो असतो, थंडीत सगळ्यांच्याच उपयोगाचा. हॉटेलच्या व्हरांड्यात दिवा लावून ज्यांना ज्यांना हवं त्यांचं करून दिलं. ठाण्याच्या मुलाची सायकल सगळ्यात आधी घेतली.

पेठ रस्त्यावरच्या सावळघाटाच्या दिवशी तो पुन्हा ग्रुपबरोबर होता, पूर्ण बोटांचे हातमोजे घालून. उतार लागायच्या आधी त्यानं खिशातून पेपर काढला, दुमडून जर्सीच्या आत छातीवर सरकवला आणि वरून चेन लावली. युरोपातले सायकलवाले पूर्वीपासून हेच करत आलेत; कागद वारा अडवतो आणि घामही टिपतो. त्याचं बघून बाकीच्यांनी माझ्या गाडीतली रद्दी संपवली.

पुढच्या हिवाळ्याचं काम ग्रुपनं मला आत्ताच सांगून ठेवलंय. मी दोन गाड्या मागितल्या आहेत. एक नेहमीसारखी शेवटच्या सायकलमागे. दुसरी प्रत्येक घाटात पहिल्या सायकलीच्या अर्धा तास आधी माथ्यावर उभी, टॉवेल, घोंगड्या, सगळ्यांचे कोरडे कपडे आणि चहाचे दोन थर्मास घेऊन. खर्चाचं कुणी बोललं नाही, गाड्या मंजूर झाल्या. वरच्या गाडीत बसायला मॅडमनी शिकवून तयार केलेला कुणीतरी हवा, ते तेवढं ठरायचं राहिलंय.