चाळीस टक्के सवलत आणि आईचा पत्ता

पुण्यात स्वतःच्या घरात स्वतः राहणाऱ्यांना मिळकतकरात 1970 पासून सवलत मिळत आली. घराच्या वार्षिक करपात्र रकमेत 40 टक्के कपात, असे तिचे स्वरूप. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाले आणि 1 एप्रिल 2019 पासून नव्याने आकारणी झालेल्या मिळकतींना ती मिळेनाशी झाली. आईच्या नावावरची आमची सदनिका त्यांपैकीच एक. 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत कायम ठेवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आमच्यासारख्यांना पीटी-3 हा अर्ज भरून, घर स्ववापरात असल्याचे पुरावे जोडून सादर करायचे होते.

अर्ज मी संकेतस्थळावरून उतरवून घेतला. बिल पाहणे आणि कर भरणे ही कामे गेली काही वर्षे मी घरबसल्याच करत आलो आहे, त्यामुळे याही कामाला एक संध्याकाळ पुरेल असे धरून चाललो होतो. अडले ते पुराव्यापाशी. आईचे मतदार ओळखपत्र साताऱ्याच्या पत्त्याचे होते आणि शिधापत्रिकाही तिकडचीच, कारण पुण्याला राहायला आल्यावर पत्ता बदलून घेण्याचे आमच्याकडून राहूनच गेले होते. घरात शोधाशोध केल्यावर तिच्या नावाचे गॅसचे पुस्तक सापडले, त्यावर मात्र सध्याचा पत्ता होता. सोसायटीच्या सचिवांनी, आई याच सदनिकेत राहते आणि ती भाड्याने दिलेली नाही, असे पत्र शिक्क्यासह दिले.

सही करायला आईला वेळ लागला. हात कापतो म्हणून तिने आधी जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला तीन वेळा सही गिरवून पाहिली आणि मगच अर्जाला पेन लावले. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मी प्रत्यक्ष दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. सुरुवातीला 15 नोव्हेंबर 2023 ही मुदत होती, नंतर ती वाढवण्यात आली. पण पोच हातात पडेपर्यंत माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती.

भाड्याने दिलेल्या घराला ही सवलत नाही, त्यामुळे पुरावा मागणे मला रास्तच वाटते. मात्र करखाते संगणकावर आले तरी त्या घरात राहते कोण, हे ज्याचे त्यालाच कागद गोळा करून सांगावे लागते, आणि एकटी राहणारी वृद्ध माणसे हे कोणाच्या आधाराने करत असतील, हा विचार मनातून जात नाही. आमच्याच इमारतीत अशा दोघी आहेत. त्यांचे अर्ज मी आणि शेजाऱ्यांनी मिळून भरून दिले.

पुढच्या बिलात कमी झालेली रक्कम आईला मोठ्या अक्षरांत छापून दाखवली. त्याच आठवड्यात तिच्या मतदार ओळखपत्रावरील पत्ता बदलण्यासाठी नमुना 8 भरला.