वीरगळाचा खालचा कप्पा

रविवार, संध्याकाळ

गावाच्या वेशीवर, मारुतीच्या पाराला टेकून, नाहीतर शंकराच्या देवळामागे एखादा कोरीव दगड उभा असतो. गुडघ्याएवढा, कमरेएवढा, क्वचित त्याहून उंच. येणारे-जाणारे शेंदराचं बोट लावून पुढे जातात. तो वीरगळ. लढाईत पडलेल्या माणसाची गोष्ट सांगायची ही आपली जुनी रीत, आणि युद्ध गावाकडून काय घेऊन जातं ते समजून घ्यायला मला याहून जवळचं काही दिसत नाही.

वीरगळ खालून वर वाचायचा. कप्पे बहुधा तीन किंवा चार. तळाला वीर आडवा पडलेला. शेजारी गाई असतील तर गोधन राखताना गेला. त्याच्यावर लढाई, ढाल-तलवार, कधी घोडा. मग अप्सरा त्याला वर नेतात. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून, माथ्यावर कलश, बाजूला चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर कीर्ती राहो म्हणून. नाव बहुतेक नसतंच. आपल्याकडे लेख कोरलेले वीरगळ थोडे.

बोरिवलीच्या एकसरला काही वीरगळांवर समुद्रावरची लढाई आहे, वल्ह्यांच्या रांगांसकट गलबतं. कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा राजा महादेव यादव यांच्यातल्या १२६५ च्या सुमाराच्या युद्धाशी अनेक अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. राजांची नावं इतिहासात आली. वल्ही कोणाच्या हातात होती, ते कुठेच नाही.

मन अडकतं ते तळाच्या कप्प्यापाशी. रस्ता उंचावतो, देवळाला नवी फरशी येते, दगड सरळ राहावा म्हणून बुडाशी सिमेंट ओततात, आणि पहिल्यांदा गाडला जातो तो हाच कप्पा. मेलेला माणूस जमिनीखाली, वर फक्त स्वर्ग. मग बघणाऱ्याला युद्ध म्हणजे थेट कैलासाची वाट वाटली तर नवल नाही. त्यावर ऑइलपेंट चढवला की दगडात शिरलेली ओल आतच कोंडते आणि रंगाचे पोपडे सुटताना कोरीव कामाचा पापुद्राही घेऊन जातात.

झिजलेला दगड वाचायला खडू किंवा पीठ चोळू नये. खडू बेसॉल्टच्या बारीक भोकांत जाऊन बसतो, पिठाला मुंग्या लागतात. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या पृष्ठाला जवळजवळ समांतर धरावा. कॅमेरा समोर स्थिर, आणि उजेड डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असा चारदा. एका फोटोवर भागत नाही, कारण उजेडाच्या दिशेनेच जाणाऱ्या रेषेची सावली पडत नाही: आडवी तलवार बाजूच्या उजेडात नाहीशी होते आणि वरून उजेड टाकला की पुन्हा दिसते. शेजारी मोजपट्टी ठेवावी. दगडाच्या कडाही बघाव्यात, तिथे कधी आणखी आकृत्या असतात.

मुलांना हे शिकवायचं तर ए-थ्री कागदावर चार आडवे कप्पे आखून द्यावेत आणि चित्र तळापासूनच काढायला लावावं. मोकळं सोडलं तर सगळी आधी लढाई काढतात, मग तळाला जागा आणि वेळ दोन्ही उरत नाही. म्हणून पहिली वीस मिनिटं फक्त खालचा कप्पा: गेलं कोण, आणि कशापायी? गुरं, धान्य, पाणी, की दुसऱ्याच कोणाचं राज्य? लढाईत समोरच्यालाही चेहरा काढायला सांगावं. दगडावर तो बहुधा लहान आणि अनोळखी असतो, पण त्याच्याही गावात कुठेतरी वीरगळ बसला असेल.

कागदाच्या उजव्या कडेला चार बोटं रुंदीची पट्टी कोरी ठेवावी. घरी राहिलेल्यांसाठी वीरगळात जागा नसते. बायको सती गेली तर तिचा निराळा दगड, कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात. जी मागे राहिली, जिने पुढची पेरणी केली, पोरं वाढवली, तिचा दगड नाही. आईचाही नाही. या पट्टीत काय काढायचं ते मुलांना सुचवू नये. सांगताना मात्र प्रत्येकाने गोष्ट तिथूनच सुरू करावी.