मोटर उलटी फिरते तेव्हा

भिलवडीजवळ कृष्णेच्या काठावर आमचा थ्री फेजचा, म्हणजे तीन वायरींतून येणाऱ्या विजेवर चालणारा, पंप आहे. पुराच्या धास्तीने वर काढून ठेवलेली मोटर पावसाळा सरल्यावर पुन्हा बसवली, केबल जोडली आणि स्टार्टर दाबला. पाणी आले खरे. पण एरवी पाइपाच्या तोंडापासून हातभर लांब पडणारी धार तोंडाशीच गळत होती. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाण्यात बुडालेल्या पाइपाच्या तळाची झडप, तपासण्यात अर्धा दिवस गेला, कारण उलट्या फिरणाऱ्या मोटरीने पाणी वर चढणारच नाही, अशी माझी समजूत होती. तसे होत नाही. आमच्यासारख्या सेंट्रिफ्युगल पंपाचा इंपेलर, म्हणजे आतले पात्यांचे चाक, पाणी मध्यापासून बाहेर फेकतो, त्यामुळे तो कोणत्याही दिशेने फिरला तरी पाणी त्याच पाइपात जाते. मात्र पाती आणि आवरण एकाच दिशेसाठी घडवलेले असल्याने उलट्या फेऱ्यात दाब आणि पाणी दोन्ही घटतात.

वायरमनना फोनवर सांगितले, "मोटर घड्याळाच्या काट्यासारखी फिरते आहे." त्यांनी विचारले, "दादा, कुठल्या बाजूनं बघून?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मोटरीच्या पंख्याकडून पाहिले तर जो फेरा घड्याळाच्या दिशेचा दिसतो, तोच पंपाकडून पाहिल्यास उलटा दिसतो. म्हणूनच पंपाच्या आवरणावर बाण ओतलेला असतो. आमचा बाण गाळाखाली दडला होता. फडक्याने पुसून काढला, आणि मोटर बंद केल्यावर मंदावत जाणारा पंखा जाळीतून पाहिला, तेव्हा तो बाणाच्या विरुद्ध फिरत असल्याचे स्पष्ट दिसले.

मेन स्विच पाडून, फ्यूज काढून मी स्टार्टरमधील तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवल्या. मोटर पुन्हा उलटीच फिरली, आणि ते बरोबरच होते: लाल, पिवळा, निळा हा तीन फेजांचा क्रम चक्राकार असतो, तिन्ही सरकवल्या तरी तो तोच राहतो. फक्त दोन वायरींची अदलाबदल केली, तरच क्रम उलटतो आणि त्याबरोबर मोटरीला फिरवणारे, तिच्या आतले फिरते चुंबकीय क्षेत्रही.

ही दुरुस्ती लांबणीवर टाकू नये. ज्या पंपांत इंपेलर शाफ्टवर आट्यांनी बसवलेला असतो, तेथे उलट्या फेऱ्याने तो सैल होतो. सायकलच्या डाव्या पायंडलाला उलटे आटे असतात तेही अशाच कारणाने, चालवता चालवता ते सुटू नये म्हणून.

पुन्हा वीज काढून पिवळी आणि निळी वायर बदलली. धार हातभर लांब पडू लागली, आणि त्याच संध्याकाळी तो बाण मी लाल ऑइलपेंटने रंगवून घेतला.