कमाटी बागेतला वड

बडोद्यात लहानपण गेलं म्हणजे कमाटी बाग किती वेळा पाहिली याचा हिशोबच नको. पाटीवर सयाजीबाग आहे, पण आमच्या घरात अजून कमाटी बागच. झू, म्युझियम, ती छोटी आगगाडी, फुलांचं घड्याळ, पुलावरून विश्वामित्रीत मगर दिसते का म्हणून लोंबकळणं आणि शेवटी बाहेर येऊन सेवउसळ, हे सगळं शंभरदा झालं. पण त्याच बागेतल्या संकल्प भूमीला पहिल्यांदा गेलो वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तेही पुण्याहून मामेबहिणीच्या लग्नाला आलेलो म्हणून.

मामा त्र्याहत्तर वर्षांचा, रोज सकाळी बागेत राउंड मारतो. म्हणलं मामा, चल, तू दाखव. तर म्हणतो, "अरे रोज तिथूनच जातो, पण थांबलो नाही कधी."

जागा अगदी छोटी. वडाचं झाड, सावली, बस. तसं बडोद्याला वडाचं काय कौतुक, गावाचं नावच वडावरून पडलंय म्हणतात. पण २३ सप्टेंबर १९१७ ला बाबासाहेब इथे बसले होते आणि अस्पृश्यता संपवायचा संकल्प त्यांनी इथेच केला असं मानतात. दरवर्षी त्या तारखेला इथे गर्दी होते.

आता आमच्यासारख्या डांडिया बाजारातल्या मराठी घरांत बाबासाहेबांची अर्धीच गोष्ट सांगतात. सयाजीरावांनी स्कॉलरशिप दिली, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, म्हणून ते १९१३ मध्ये कोलंबियाला गेले. आमचे महाराज किती मोठे! (होतेच, त्यात वाद नाही.) पण करार असा होता की परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, आणि ती करायला सव्वीस वर्षांचा हा माणूस बडोद्यात आला तेव्हा त्याला राहायला खोली मिळेना, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावं लागलं, रोजचा दीड रुपया. अकराव्या दिवशी ते कळलं आणि डझनभर लोक काठ्या घेऊन दारात आले, संध्याकाळपर्यंत खोली खाली कर म्हणून. एक हिंदू मित्र होता, एक ख्रिश्चन, दोघांनीही जमणार नाही म्हणून सांगितलं. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाचेक तास काढायचे कुठे, तर या बागेत.

हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, आणि गंमत म्हणजे त्यात संकल्प, प्रतिज्ञा असं मोठं काही नाहीच. आई-वडलांची आठवण आली, एवढंच. लहान मुलाला एकटं पडलं की येते तशी. मला संकल्पापेक्षा तेच जास्त लागलं खरं सांगायचं तर. धर्मशाळेचा म्हातारा राखणदारही निघताना काही बोलू शकला नाही, यांनी पैसे दिले, त्याने गप्प घेतले.

आम्ही पाच तास कुठले, अर्धा तास बसलो तर डासांनी फोडून काढलं. तेवढ्यात जालन्याहून आलेलं एक कुटुंब आलं, आजी, मुलगा-सून, तीन पोरं. रात्रभर ट्रेनने आलेले, बॅगा सोबतच. आजीने चपला लांब काढल्या, खाली वाकून माती कपाळाला लावली, पोरांनाही लावली. मग सगळ्यांनी हात जोडून त्रिशरण म्हणलं. धाकटा मध्येच "आगगाडी कुठंय" विचारत होता.

मुलगा आमच्याकडे वळून म्हणाला, जय भीम, तुम्ही इथलेच का? मामा म्हणाला हो, जन्मापासून. मग ती धर्मशाळा कुठे होती हो? मामा माझ्याकडे बघायला लागला, मी मामाकडे. मामाने दोन मित्रांना फोन लावले, गुजरातीत बराच वेळ चाललं, त्यांनाही सांगता येईना. मामा एकदम ओशाळला. इकडे तिकडे बघितलं, घसा खाकरला आणि आजीला म्हणाला, "आजी, घरी चला, चहा घ्या, जेवूनच जा, जवळच आहे."

ती नको नको म्हणत होती, पण मामा ऐकेचना. मी मामीला फोन केला, सहा जण येतायत जेवायला. ती म्हणाली, "आत्ता सांगतोस? दूध नाहीये घरात, येताना घेऊन ये दोन पिशव्या."