अलॉय चाकांवरच्या बारीक रेघा: माझा अनुभव

काळ्या चकचकीत अलॉय चाकांवर काहीच लपत नाही. चंदेरी चाकावर ज्या रेघा शोधाव्या लागतात, त्या काळ्यावर ऊन पडलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या चमकतात. माझ्या गाडीला अशीच चाकं आहेत आणि गेल्या पावसाळ्यानंतर त्यांची पार रया गेली होती.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. नाशिकच्या इंदिरानगरला आमच्या सोसायटीत सकाळी गाड्या पुसायला एक मुलगा येतो. एक बादली, एक फडकं आणि ओळीने उभ्या गाड्या. त्याला तरी दोष कसा देणार? पाणीही तेवढंच मिळतं आणि पैसेही. पण चाकावरची धूळ बॉनेटवरच्या धुळीहून वेगळी असते. ब्रेक लागला की पॅड आणि डिस्क दोन्ही झिजतात आणि त्यातले लोखंडाचे तापलेले कण चाकाला चिकटून बसतात. आमचं वणीच्या गडावर जाणं-येणं असतं, मुंबईला निघालं की कसारा घाट आहेच. घाट उतरल्यावर बघा, पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त काळी दिसतील, कारण ब्रेकचा जास्त भार पुढच्या चाकांवर येतो. त्या कणांवरून तेच फडकं फिरलं की रेघा पडणारच.

वॉशिंग सेंटरवर विचारलं तर "बफ मारून देतो ताई, आरसा करून देतो" असं उत्तर मिळालं. बफ म्हणजे मशिनने घासून चमकवणं, पण कशाने बफ मारणार, किती थर जाणार, यावर काही बोलणं नाही. म्हणून अंबड एमआयडीसीत पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची पावडर भट्टीत भाजून बसवण्याचं काम करणाऱ्या एका काकांकडे गेले. ते गाडीजवळ उकिडवे बसले, अंगठ्याचं नख रेघेवरून आडवं फिरवलं आणि म्हणाले, "अडकतंय का? नाही ना? मग रेघ वरच्या पारदर्शक लॅकरमध्येच आहे. एवढ्यासाठी टायर उतरवून, रंग काढून भट्टीत कशाला घालायचं? घरीच घासा." मग पुढच्या डाव्या चाकाची कड दाखवली. तिथे फुटपाथला घासून ॲल्युमिनियम उघडं पडलं होतं आणि नख चांगलंच अडकत होतं. "ही जागा पॉलिशने जायची नाही. हिच्या नादी लागलात तर शेजारचं चांगलं लॅकर घालवाल." हातचं काम सोडून खरं सांगणारा माणूस भेटला, याचं मला फार बरं वाटलं.

चाकावर ॲल्युमिनियम, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर, असे थर असतात. हे लॅकर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ असतं. आपण रेघ पुसत नाही, तर रेघेच्या तळापर्यंत भोवतालचं लॅकर उतरवतो. म्हणजे प्रत्येक वेळी घासलं की संरक्षण तेवढं कमी झालं. त्यामुळे सगळ्यात सौम्य पॉलिशने सुरुवात करायची आणि भागलं नाही तरच पुढे जायचं, असं मी ठरवलं. लेथवर घासून चमक आणलेल्या डायमंड कट चाकांना हे जास्तच लागू आहे. तिथे लॅकर गेलं की पुन्हा लेथ, आणि प्रत्येक वेळी थोडा धातू जातो, त्यामुळे ते काम मोजक्याच वेळा करता येतं.

खरी मेहनत पॉलिशच्या आधीच आहे. सकाळी, चाकं पूर्ण थंड असताना सुरुवात केली. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, तिरप्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला वीट, नट जमिनीवरच सैल केलेले आणि मग जॅक. एका वेळी एकच चाक काढलं आणि ते आडवं ठेवून काम केलं, म्हणजे पॉलिश ब्रेकच्या डिस्कवर उडायची भीती नाही. आधी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा, मग शाम्पू, मग आयर्न रिमूव्हर. हे फवारलं की लोखंडाचे कण विरघळायला लागतात आणि चाकावरून जांभळे ओघळ उतरतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणून हातमोजे घालून उघड्यावरच वापरावं आणि वाळायच्या आत धुवावं. जे चाक मला स्वच्छ वाटत होतं, त्यावरूनही जांभळं पाणी आलं. हे कण तसेच ठेवून पॉलिश केलं असतं तर पॅडखाली तेच घासले गेले असते. उरलेलं क्ले बारने, म्हणजे चिकटलेली घाण ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, भरपूर साबणाच्या पाण्यात, हलक्या हाताने काढलं.

टायरच्या कडेला मास्किंग टेप लावली आणि चाकाच्या एकाच दांडीवर (स्पोकवर) बारीक पॉलिश फोमच्या पॅडने हाताने मारून पाहिलं. पुसून मोबाईलचा टॉर्च तिरका धरला. समोरून धरला तर रेघा दिसत नाहीत, तिरप्या उजेडातच कळतं. बऱ्याच रेघा गेल्या होत्या. बाकी चाकाला तेवढंच पुरलं.

काही हट्टी रेघांसाठी मात्र वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर घ्यावा लागला. त्याचा नंबर जितका मोठा, तितका तो बारीक. द्वारकेजवळच्या पेंटच्या दुकानात ३००० नंबरचा मागितला. दुकानदार १००० नंबरचा काढत होता, "लवकर होतं ताई" म्हणून. मला लवकर नको होतं. पेपर पाण्यात भिजत ठेवला, पाण्यात साबणाचा थेंब टाकला आणि फक्त रेघेवर, एकाच दिशेने, अजिबात न दाबता फिरवला. इथे नजर पेपरवर नाही, पाण्यावर ठेवायची. पांढरट, दुधाळ पाणी येतंय तोवर लॅकरच निघतंय. त्यात चाकाच्या रंगाची छटा दिसली की तिथेच थांबायचं, कारण लॅकर संपून रंग लागला. दांड्यांच्या धारेवर लॅकर आधीच पातळ असतं, म्हणून तिथे मी पेपर लावलाच नाही. पेपरने ती जागा धुरकट होते, आणि ते पाहून पोटात गोळा येतो. पण रबिंग कंपाउंड (जरा खरखरीत पॉलिश) आणि मग बारीक पॉलिश मारलं की चमक परत येते.

पॉलिशमधलं तेल रेघा भरून झाकू शकतं, म्हणून शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा टॉर्च मारला. रेघा खरोखर गेल्या होत्या. मग सीलंट, म्हणजे वरून संरक्षण देणारा पातळ लेप लावून रात्रभर चाकांवर पाणी पडू दिलं नाही. नट फुलीच्या क्रमाने आवळले, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने (आवळायच्या जोराने), आणि थोडी गाडी चालवल्यावर पुन्हा तपासले. आता चाकांसाठी बादली आणि मायक्रोफायबर वेगळं आहे. पुसणाऱ्या मुलालाही सांगितलंय की चाकांना हात लावू नकोस, पैसे तेवढेच देईन.

फुटपाथला घासलेली कड अजून तशीच आहे. तिथून लॅकरखाली पाणी शिरलं तर ॲल्युमिनियम पांढरं पडत जाईल, म्हणून तात्पुरता टच-अप रंग लावलाय. टायर बदलायला आले की ते चाक काकांकडे टाकणार, म्हणजे टायर उतरवायची मजुरी एकदाच लागेल.