फूल सोडा, देठ बघा: किलार्नीच्या सॅक्सिफ्रागांचा माझा अनुभव

आयर्लंडमध्ये येऊन चौथं वर्ष, कॉर्कला राहतो. रविवारी पाऊस नसला (म्हणजे कमी असला) की गाडी काढायची आणि किलार्नीला जायचं, हे ठरलेलं. जूनमध्ये तिथे टॉर्क धबधब्याच्या आजूबाजूला ओल्या शेवाळलेल्या खडकांवर बारीक पांढरी फुलं येतात, पाच पाकळ्या, वर गुलाबी ठिपके, खाली पानांचा झुपका. पहिल्या वर्षी फोटो काढून अ‍ॅपला दाखवले तर एका फोटोला एक नाव, दुसऱ्याला दुसरं, आणि फोटो दोन्ही एकाच झाडाचे! झालं, नाद लागला.

सॅक्सिफ्रागा ह्या एकाच वनस्पती-गटातल्या दोन जाती निघाल्या. एक सॅक्सिफ्रागा स्पॅथुलॅरिस, तिला इथे सेंट पॅट्रिकची कोबी म्हणतात (कोबीशी काही संबंध नाही), दुसरी सॅक्सिफ्रागा हिर्सुटा. गंमत म्हणजे शेजारच्या ब्रिटनमध्ये ह्या दोन्ही मूळच्या नाहीत, इथे आहेत आणि मग थेट उत्तर स्पेनकडे. आणि सॅक्सिफ्रागा म्हणजे लॅटिनमध्ये दगड फोडणारी, म्हणजे आपला पाषाणभेदच की! मुतखड्यावर आजी जो पाषाणभेद उगाळायची तो हिमालयातला बर्जेनिया, पूर्वी तोही सॅक्सिफ्रागातच धरायचे. हे कळलं तेव्हा उगाचच ओळखीचं वाटायला लागलं.

पहिला अख्खा सीझन मी फुलांचे ठिपके मोजण्यात घालवला, वही केली, रकाने पाडले, आणि हाती काही आलं नाही, कारण गुलाबी ठिपके दोघींनाही, बुडाशी पिवळं दोघींनाही, कमीजास्त एवढंच. बायको म्हणाली, अरे पाऊस आलाय, तू आणि तुझे ठिपके.

मार्ग सापडला नोव्हेंबरमध्ये. फुलं नव्हतीच, पण झुपके हिवाळ्यातही हिरवे असतात, मग नाइलाजाने दहापट भिंग घेऊन पानांवर बसलो. आणि तिथे सगळं लिहिलेलं होतं! स्पॅथुलॅरिसचं पान चमच्यासारखं, देठाकडे निमुळतं होत जाणारं, दाते टोकदार, पान जवळपास गुळगुळीत आणि देठ चपटा, केस असलेच तर कडेला. हिर्सुटाचं पान गोलसर, मूत्रपिंडासारखं, देठ जिथे जुळतो तिथे खाच, दोन्ही बाजूंनी केसाळ, आणि देठ लांब, गोलसर, सगळीकडून लव. बोटांनी हलकेच फिरवून बघितलं तरी कळतं, चपटा देठ फिरत नाही. तोडायचं मात्र नाही, नॅशनल पार्क आहे.

दोन रविवार मी स्वतःला एक्स्पर्ट समजत होतो. मग एका ओढ्याकाठी असं झाड भेटलं की पान लांबट गोल, खाच असून नसल्यासारखी, देठ थोडा चपटा थोडा केसाळ. तो होता दोघींचा संकर, पोलिटा. आणि तो वांझ नाही, परत कुठल्याही आईबापाशी जुळतो, म्हणून एकाच दरडीवर एका टोकाला स्पॅथुलॅरिससारखं, दुसऱ्या टोकाला हिर्सुटासारखं आणि मध्ये सगळ्या पायऱ्या. आता मी एका पानावर नाव देतच नाही, पाच-सहा पानं बघतो, आतली कोवळी सोडून, आणि मधलं वाटलं तर वहीत सरळ ‘मधलं’ लिहितो. कासला पांढरे गोळे दिसले की सगळ्यांना गेंद म्हणून मोकळा होणारा माणूस मी, त्यामानाने बरीच प्रगती.

शेवटचा घोळ घरापाशीच झाला. शेजारच्या आजींच्या कुंपणाखाली अगदी हेच फूल दाट पसरलेलं, त्या म्हणे डोंगरातलं रानफूल आहे. भिंग लावलं: दाते बोथट, देठाच्या कडेला भरपूर केस. हे लंडन प्राइड, स्पॅथुलॅरिस आणि पिरेनीजमधली अम्ब्रोसा यांचा बागेतला संकर. आजींना सांगितलं तर त्या हसल्या आणि मुळासकट एक तुकडा उपटून हातात दिला. कुंडीत लावलाय, पहिली काडी वर आलीये.